प्लेटलेटचं माहेर

पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली की महाराष्ट्रात घरोघरी एकच चौकशी असते: "प्लेटलेट्स किती आल्या?" आकडा दीड लाखाखाली घसरला की कुणी पपईच्या पानांचा रस सुचवतं, कुणी किवी. एकोणिसाव्या शतकात मात्र या कणाला एवढा मान नव्हता. ही स्वतंत्र पेशी आहे की पांढऱ्या पेशींचा चुरा, इथूनच वाद होता.

1865 मध्ये बॉनच्या माक्स शुल्त्से यांनी रक्तातले हे बारीक, रंगहीन कण नोंदवले. पॅरिसचे जॉर्ज एयाम त्यांना तांबड्या पेशींची पूर्वावस्था समजत. निकाल लावला तो तुरिनच्या जुलिओ बित्झोझेरो यांनी, 1881-82 च्या सुमारास. त्यांनी जिवंत गिनीपिगच्या आतड्याच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्याच सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. वाहिनीला इजा झाली की हे कण आधी तिथे चिकटत, मग एकमेकांना. गुठळीची सुरुवात ती. गंमत अशी, की अस्थिमज्जेतल्या अगडबंब पेशीही बित्झोझेरोंनी कैक वर्षं आधीच पाहून ठेवल्या होत्या. आई पाहिली, लेक पाहिली, नातं तेवढं लक्षात आलं नाही. ते जुळवलं बॉस्टनच्या जेम्स होमर राइट यांनी, 1906 मध्ये. त्यांच्या रंजकाने मेगाकॅरिओसाइट नावाची ती मोठी पेशी आणि प्लेटलेट या दोघींत सारख्याच रंगाचे कण दिसले. मोठ्या पेशीचे तुकडे सुटून रक्तात येतात, त्याच प्लेटलेट्स, एकेकीतून हजारो.

आईचं केंद्रक मात्र मज्जेतच राहतं. लेक निघते ती केंद्रकाशिवाय, आठ-दहा दिवसांचं आयुष्य घेऊन. अॅस्पिरिनचा परिणाम टिकतो तो याचमुळे: गोळीने बंद पाडलेलं एन्झाइम प्लेटलेटला नव्याने घडवता येत नाही. मग ही निव्वळ भोकं बुजवणारी पेशी, तिला स्वतःचं काही करता येत नाही, असा समज रूढ झाला तर नवल नाही.

तो समज यूटा विद्यापीठातल्या संशोधकांनी 1998 पासून पुढच्या काही वर्षांत मोडला. प्लेटलेट आईकडून आरएनए, म्हणजे प्रथिनं बनवायच्या सूचनांची प्रत, घेऊन येते. त्यातला काही कच्चाच असतो. इशारा मिळाला की ती तो कापून-जोडून तयार करते आणि त्यावरून प्रथिनं बनवते. त्यांतलं एक इंटरल्यूकिन-1 बीटा, म्हणजे दाह भडकवणारं. गुठळी बांधणारी पेशी रक्तवाहिनीच्या अस्तराला चिथावतेही, हे तिचं दुसरं रूप.

शिदोरी माहेरून येत असेल, तर ती कशी भरली जाते हे महत्त्वाचं. इथे एपिजेनेटिक्स येतं. डीएनएची अक्षरं तीच राहतात. त्यांच्यावर मिथाइलच्या खुणा बसतात किंवा निघतात आणि कुठलं जनुक किती काम करणार ते ठरतं. पीईएआर-1 हे प्लेटलेट्सच्या एकत्र चिकटण्याशी संबंधित जनुक. त्यात एका जागी कुठलं अक्षर आहे यावर मिथाइलची खूण बसणार की नाही हे अवलंबून असतं, आणि ही खूण मेगाकॅरिओसाइटमध्ये त्या जनुकाला जोर देते. मिथाइलची खूण म्हणजे जनुकाला कुलूप, हे पाठ्यपुस्तकी सूत्र इथे उलटं पडतं.

मला अधिक बोलकं वाटतं ते एफटूआरएल-3. थ्रोम्बिन या गुठळी घडवणाऱ्या एन्झाइमचा इशारा प्लेटलेटला पोचवणारा एक ग्राहक या जनुकातून बनतो. सिगारेट ओढणाऱ्यांच्या रक्तात त्यावरचं मिथाइल कमी असतं, हे 2011 मध्ये जर्मनीतल्या संशोधनात दिसलं. धूम्रपान सोडल्यावर ते सावकाश भरून येतं.

दाहाचा निरोप उलट्या दिशेनेही जातो. इंटरल्यूकिन-6 यकृताला थ्रोम्बोपोएटिन हे संप्रेरक जास्त बनवायला लावतं आणि मज्जा प्लेटलेट्सचं उत्पादन वाढवते. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी तर आपलं क्रोमॅटिनच, म्हणजे हिस्टोन प्रथिनांवर गुंडाळलेला डीएनए, जाळ्यासारखं बाहेर फेकतात. त्याआधी या हिस्टोनांत रासायनिक बदल होतो, म्हणजे पुन्हा एपिजेनेटिक खूणच. ते मोकळे हिस्टोन प्लेटलेट्सना चेतवतात, आणि चेतलेल्या प्लेटलेट्स आणखी जाळी फेकायला लावतात.

मिथाइलच्या या खुणा वाचण्यात एक अडचण आहे. रक्ताच्या नमुन्यात मिथाइल मोजतो तेव्हा वाचला जातो तो मुख्यतः पांढऱ्या पेशींचा डीएनए. प्लेटलेटकडे केंद्रकातला डीएनए असतोच कुठे? तिच्या आईच्या खुणा थेट वाचायच्या तर कमरेच्या हाडात सुई घालून मज्जा काढावी लागते, नाहीतर मूळ पेशींपासून प्रयोगशाळेत मेगाकॅरिओसाइट वाढवाव्या लागतात.