टांकसाळीतील दोष आणि नंतरची इजा

टांकसाळीतून सदोष बाहेर पडलेल्या नाण्याला संग्राहक अनेकदा वाढीव किंमत देतात. याउलट, पुढे ठेचले, कापले किंवा कानशीने घासले गेलेले नाणे आपले मूळ मोलही गमावून बसते. वरकरणी दोन्ही सारखीच विद्रूप दिसत असल्याने नवख्या खरेदीदाराची फसगत होते. भेद ओळखण्याचे सूत्र एकच आहे. दोष कोऱ्या चकतीवर छाप उमटेपर्यंतच निर्माण होतो. त्यानंतर धातूवर जे घडते ती इजा होय.

रेघ : ठशाला तडा गेल्यास धातू त्या फटीत शिरतो व नाण्यावर उंचावलेली रेघ उमटते. ओरखडा मात्र खोलगट असतो आणि त्याच्या कडेला सरकलेला धातू दिसतो.

सरकलेला छाप : चकती जागेवर नसल्यास नाण्याचा काही भाग दोन्ही बाजूंनी कोरा राहतो. कोरा भाग एकाच बाजूस असेल व तेथे नाणे पातळ झाले असेल, तर ते घासल्याचे लक्षण समजावे.

तुटकी कडा : पत्र्यातून चकती कापताना आधीच्या छिद्राशी गल्लत झाल्यास कडेला चंद्रकोरीसारखी खाच पडते. अशा वेळी खाचेच्या बरोबर समोरची कडाही बहुधा पुसट असते. नंतर कापलेल्या नाण्याची समोरची कडा ठळक राहते.

उलटी प्रतिमा : आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिल्यास पुढील चकतीवर एकाच बाजूची प्रतिमा एकीकडे सुलट व दुसरीकडे उलटी आणि खोलगट उमटते. दोन नाणी शेगड्यात दाबूनही असा आभास निर्माण करता येतो. पण त्यात मूळची उठावदार अक्षरे चपटी झालेली आढळतात.

वजनाचाही आधार घेता येतो. व्हिक्टोरिया राणीच्या चांदीच्या रुपयाचे वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम होते. तथापि खाच असलेली चकती मुळातच हलकी असते आणि वापरानेही नाणे झिजते. त्यामुळे केवळ वजनावरून निष्कर्ष काढू नये. हे रुपये दागिन्यांतही ओवले जात. त्यांच्या कडेला राहिलेला डाख किंवा बुजवलेले भोक भिंगातून दिसते. ती इजाच होय.

हाताने पाडलेल्या नाण्यांना हे निकष जसेच्या तसे लागू पडत नाहीत. शिवराईवर ‘श्री राजा शिव’ व ‘छत्रपति’ ही अक्षरे असतात. परंतु ठसा चकतीपेक्षा मोठा असल्याने अनेक नाण्यांवर ती अपुरीच उमटली आहेत. हा दुर्मिळ दोष नसून त्या पद्धतीचे स्वाभाविक रूप आहे.

शंका आल्यास त्याच वर्षाचे निर्दोष नाणे शेजारी ठेवून भिंगाने तुलना करावी. मात्र त्यासाठी नाणे चिंचेने वा राखेने घासू नये. तसे केल्यास मूळचा पृष्ठभाग आणि त्यासोबत पुरावाही नष्ट होतो.