मधे काही नाही : ओम्नीच्या बटणाचा इतिहास

हेडफोन लावलेत? आज आपण कुठल्याच राजाकडे जाणार नाही, किल्ल्यावरही नाही. आज एका बटणाचा इतिहास सांगतो.

साल साधारण २००४. मी नागपुरात, मानेवाड्याच्या बाजूला राहायचो आणि मारुती ओम्नीच्या व्हॅनने शाळेत जायचो. गाडी आठ जणांची, आम्ही पोरं बारा-चौदा. मागच्या सीटच्या पाठीमागे एक लाकडी फळी, फळीवर जुनी गादी आणि गादीवर आम्ही लहान. फळीखाली काय आहे हे सगळ्यांना माहीत होतं : स्वयंपाकघरातला लाल सिलिंडर.

स्टिअरिंगजवळ ते बटण होतं. एका बाजूला पेट्रोल, दुसऱ्या बाजूला गॅस आणि मधे काहीच लिहिलेलं नाही. व्हॅनवाले काका सकाळी गाडी पेट्रोलवर चालू करायचे. चार-पाच मिनिटांनी बटण मधे आणायचे. "गॅसवर घेऊन राहिलो, गप बसा रे!" गाडी थोडी चालायची, मग दोन आचके द्यायची. त्याच क्षणी काका बटण गॅसवर टाकायचे.

मी एकदा विचारलं, "काका, मधे काय आहे?"

"मधे काही नाही. म्हणूनच तर मधे न्या लागते."

हे उत्तर किती बरोबर होतं ते मला बीटेकला कळलं.

जुन्या ओम्नीत कार्बोरेटर होता. त्यात एक छोटी वाटी असते, तिच्यात पेट्रोल साठतं आणि तिथून इंजिनात जातं. गॅसचं किट बसवलं की पेट्रोलच्या नळीवर एक आणि गॅसच्या नळीवर एक असे विजेवर उघडणारे दोन व्हॉल्व्ह येतात. बटण पेट्रोलवर असलं की पहिला उघडा, गॅसवर असलं की दुसरा. मधे असलं की दोन्ही बंद. पण पेट्रोलचा व्हॉल्व्ह बंद झाला तरी वाटीत पेट्रोल उरलेलं असतंच. त्यावर लगेच गॅस सोडला तर इंजिनाला दोन्ही इंधनं एकदम मिळतात आणि ते गुदमरतं. म्हणून आधी वाटी रिकामी होऊ द्यायची. ते आचके म्हणजे वाटी संपल्याची खूण. काकांकडे मीटर नव्हता, कान होता.

आणि सुरुवात पेट्रोलवरच का? सिलिंडरमधून द्रव गॅस येतो. त्याची वाफ करणाऱ्या डब्याला इंजिनाच्या गरम पाण्याची ऊब लागते. थंड इंजिनावर तो डबा गोठू शकतो.

आता जरा अमेरिकेत जाऊन येऊ. तिथल्या जुन्या पिकअप ट्रकला दोन टाक्या असायच्या, पण दोन्हीत इंधन एकच. लांब पल्ल्यासाठी ही सोय. डॅशबोर्डवरचं बटण दाबलं की तीन कामं व्हायची : दुसऱ्या टाकीतून इंधन यायला लागायचं, इंधनाचा काटा त्या टाकीची पातळी दाखवायचा आणि इंजेक्शनच्या इंजिनात उरलेलं इंधन परत त्याच टाकीत जायचं. हे तिसरं काम बिघडलं की मजा. इंधन घ्यायचं एका टाकीतून आणि परत जायचं दुसरीत! फोर्डच्या काही ट्रकमध्ये असं होऊन भरलेली टाकी ओसंडायची.

त्यांचं बटण अंतरासाठी होतं. आपलं बटण भावासाठी. आजच्या भागातून एवढं एक लक्षात ठेवा : आपल्याकडे दोन इंधनांच्या भावात मोठी दरी पडली की गाडीवर एक बटण उगवतं.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल रेशनवर आलं, तेव्हा देशात बसगाड्यांच्या मागे कोळशाच्या भट्ट्या लागल्या आणि गाड्या कोळशाच्या गॅसवर धावल्या. पुढे शेतातली पाण्याची इंजिनं आली. त्यांना खरोखरच दोन टाक्या : लहान पेट्रोलची, मोठी रॉकेलची. पेट्रोलवर चालू करायचं, तापलं की कॉक फिरवून रॉकेलवर घ्यायचं, कारण रॉकेल स्वस्त. बंद करण्याआधी आठवणीने पुन्हा पेट्रोलवर आणायचं. विसरलात तर वाटीत रॉकेल राहतं आणि सकाळी दोरी ओढून ओढून खांदा जातो.

मग आली लाल सिलिंडरची पाळी. घरगुती गॅसवर सबसिडी, पेट्रोलवर कर. गाडीत एलपीजी वापरायला कायद्याने परवानगी मिळाली ती २४ एप्रिल २००० पासून. पण ती वाहनाच्या वेगळ्या टाकीसाठी होती. ही टाकी गाडीला पक्की बसवलेली असते. ऐंशी टक्के भरली की तिचा व्हॉल्व्ह आपोआप भरणं थांबवतो, म्हणजे उन्हात गॅस फुगायला जागा उरते. आपल्या नागपूरच्या मे महिन्यात ही जागा किती मोलाची, ते सांगायला नको.

मग चार वर्षांनंतरही आमच्या फळीखाली १४.२ किलोचा लाल सिलिंडरच का होता? कारण घरगुती गॅस पंपावरच्या गॅसपेक्षा स्वस्त होता. कायदा बदलला, हिशोब बदलला नाही.

एलपीजीला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं द्रव्य मिसळतात. आणि हा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो. व्हॅनमध्ये खाली आमची दप्तरं असायची. एका संध्याकाळी आईने माझ्या दप्तराचा वास घेतला. दुसऱ्या दिवशी ती व्हॅनपाशी आली, गादी उचलली आणि म्हणाली, "भाऊ, हे काय आहे?"

काका चिडले नाहीत. "ताई, पेट्रोलवर चालवतो म्हटलं तर फी दुप्पट करा लागते. देऊन राहिले का तुम्ही?"

आई काहीच बोलली नाही. आणि मी त्याच व्हॅनमध्ये बसलो. दोन महिन्यांनी घरी सायकल आली, तोपर्यंत रोज बसत होतो. बाकीची पोरं त्यानंतरही बसत होती. ते बटण एकटे काका दाबत नव्हते. फी ठरवताना आमच्या सगळ्यांच्या घरांनी त्यावर बोट ठेवलेलं होतं.

आमच्या व्हॅनला काही झालं नाही. हे नशीब होतं, व्यवस्था नव्हती. घरगुती सिलिंडरमधून गाड्यांत चोरून गॅस भरणाऱ्यांवर धाडी पडल्याच्या बातम्या आजही येतात.

आता बटण दाबायचं काम कॉम्प्युटर करतो. इंजिन तापलं की तोच गॅसवर जातो. पण भाव माणसालाच बघावा लागतो. २०२२ मध्ये नागपुरात सीएनजी किलोला १२० रुपयांवर गेला होता. पाइपलाइन नव्हती, द्रव गॅस टँकरने रस्त्याने यायचा. तेव्हा हौसेने किट बसवलेल्या कित्येकांनी तेच बटण उलटं, पेट्रोलकडे फिरवलं.

जाता जाता एक काम. घरातलं कुणी सीएनजीच्या गाडीने शाळेत जात असेल तर सिलिंडरची चाचणी कधी झाली ते विचारा. ती दर तीन वर्षांनी करावी लागते. आणि फी जास्त वाटली, तर घासाघीस करण्याआधी एकदा गादी उचलून बघा.

तुमच्या व्हॅनच्या आठवणी व्हॉइस नोटवर पाठवा. भेटू पुढच्या भागात!