किनाऱ्याची राखण

बाणकोटच्या खाडीच्या दक्षिणेस, समुद्रास लागून, वेळास नांवाचें एक लहानसें गांव आहे. मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस तें नाना फडणिसांच्या भानु घराण्याचें मूळ गांव म्हणून ठाऊक असतें; शेजारचा बाणकोट १७५६ सालच्या तहानें इंग्रजांकडे गेला, हेंही त्यांस पाठ असतें. आम्ही पहिल्यानें तेथें गेलों तेही याच नादानें. ज्यांच्या घरीं उतरलों त्या गृहस्थांनीं चहाचा पेला पुढें करीत विचारलें, "आपण नानांसाठीं आलांत, कीं कासवांसाठीं?" नानांसाठीं, असें आम्हीं सांगतांच त्यांचा उत्साह किंचित् मावळल्यासारखा दिसला. तरी दुसऱ्या दिवशीं पहांटे कंदील घेऊन ते आम्हांस किनाऱ्यावर घेऊन गेलेच. परत आलों तेव्हां नाना फडणिसांचें टिपण वहींत तसेंच कोरें राहिलें होतें.

कारभारी, तह आणि लढाया यांचा इतिहास आपण आवडीनें लिहितों. परंतु कोणीं आज्ञा केली नसतां रात्रीं किनाऱ्यावर हिंडून एका मुक्या प्राण्याचीं अंडीं ज्यांनीं राखिलीं, त्यांनाही इतिहास आहे. तो फार जुना नाहीं. आपल्या देशांत त्यास पुरतें अर्धशतक झालें आहे, आणि त्यांतील कित्येक मंडळी आज हयात आहेत. आमच्या मतें त्यांतील खरा प्रश्न एकच आहे: ही राखण करणारा मनुष्य बाहेरून येतो, कीं किनाऱ्यावरच जन्मतो?

आधीं प्राण्याकडे वळूं. कासवी आपल्या पिलांस केवळ दृष्टीनें पोसते, ही कल्पना संतवाङ्मयांत ठायीं ठायीं आढळते, आणि आपल्यापैकीं बहुतेकांनीं ती कीर्तनांत ऐकली असेल. वस्तुस्थिति नेमकी उलट आहे. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्रीं भरतीच्या रेषेपलीकडे येते, मागच्या वल्ह्यासारख्या पायांनीं हात-दीड हात खोल, सुरईच्या आकाराचा खळगा खणते, त्यांत शंभरएक अंडीं घालते, वाळू लोटून ती आपल्या अंगानें चोपते आणि समुद्रांत निघून जाते. त्यानंतर अंडीं तिच्या दृष्टीस पडत नाहींत, पिलेंही नाहींत. पंचेचाळीस ते साठ दिवस तीं वाळूच्या उबेवर राहतात. कोल्हा, कुत्रा, खेकडा, घार आणि मनुष्य या सर्वांस तो ठेवा मोकळाच. हजारांत एखादेंच पिलूं वयांत येतें, असें जाणते म्हणतात. कूर्मदृष्टि जर कोठें असेलच, तर ती दुसऱ्या कोणाची तरी असली पाहिजे.

अंडीं नेणें हा कोकणांत गुन्हा समजला जात नसे. कोंबडीचीं नेतात, तशींच हीं. पूर्व किनाऱ्यावर तर त्याचा रीतसर व्यापार होता. ओडिशांतील गहिरमाथा येथून १९७५ पूर्वीं परवाने घेऊन होड्याच्या होड्या अंडीं कलकत्त्याच्या वाटेस लागत. पुढें १९७२ सालीं वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि १९७७ मध्यें या कासवाचें नांव त्याच्या पहिल्या अनुसूचींत गेलें. म्हणजे कागदावर तें वाघाच्या पंक्तीस बसलें. पण वाघास जंगल असतें, जंगलास नाका असतो, नाक्यावर शिपाई असतो. कासव येतें तें सातशें किलोमीटरांहून लांब असलेल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर, कोणत्या रात्रीं आणि कोठें हें न सांगतां. तेथें कोणतें सरकार किती शिपाई उभे करणार? कायदा चांगला होता. त्यास पाय नव्हते.

हे पाय प्रथम दिसले ते मद्रासेस. १९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत रोम्युलस व्हिटेकर यांच्या सर्पोद्यानाभोंवतीं जमलेली तरुण मंडळी रात्रीं शहराच्या दक्षिणेकडील किनाऱ्यावर चालूं लागली. सांपडलेलीं अंडीं उचलून कुंपणांतील वाळूंत पुरावीं आणि पिलें निघालीं म्हणजे समुद्रांत सोडावीं, एवढाच त्यांचा उद्योग. मध्यंतरीं तो सरकारी खात्यांकडे गेला. तो बंद पडला तेव्हां १९८८ सालीं विद्यार्थ्यांनीं स्वतःची संघटना काढून तो पुन्हा उचलला, आणि अजून सोडलेला नाहीं. विद्यार्थी परीक्षा देऊन निघून जातो, त्याच्या हातून दीर्घकालीन काम होत नाहीं, असें आम्ही स्वतः सभांतून म्हणत आलों होतों. तें विधान आम्ही येथें मुकाट्यानें मागें घेतों.

त्याच मंडळींतील सतीश भास्कर यांची हकीकत सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. मद्रासेच्या आय. आय. टी. मधील अभियांत्रिकीचें शिक्षण या गृहस्थांनीं अर्ध्यावर सोडलें आणि देशाचा किनारा पायीं धुंडाळण्यास आरंभ केला. कोठें कोणतें कासव येतें, याची आज जी माहिती आहे तिचा पाया बव्हंशीं त्यांच्या तळव्यांनीं घातला. १९८२ च्या पावसाळ्यांत लक्षद्वीपांतील सुहेली येथल्या निर्जन बेटावर हिरव्या कासवांचा अभ्यास करण्यासाठीं ते एकटे राहिले. पावसाळ्यांत तिकडे होडी जात नाहीं. म्हणजे कांहीं महिने सुटका नाहीं. पत्नीस पत्र लिहावेंसें वाटलें, तेव्हां तें बाटलींत घालून त्यांनीं समुद्रांत टाकलें. ती बाटली श्रीलंकेच्या किनाऱ्यास लागली, एका कोळ्याच्या हातीं पडली, आणि त्या परक्या मनुष्यानें तें पत्र टपालानें पत्त्यावर रवाना केलें. महिन्याच्या आंत तें घरीं पोंचलें! आमच्या शहरांतील टपालाचा अनुभव लक्षांत घेतां ही गोष्ट कादंबरींत घातली असती तर आम्हीं ती असंभाव्य ठरविली असती. २०२३ सालीं भास्कर वारले.

अमेरिकेंत अशा कार्याचा आरंभ एका पुस्तकापासून झाला होता. आर्ची कार या प्राध्यापकांनीं १९५६ सालीं कॅरिबियन समुद्रांतील कासवांवर एक प्रवासग्रंथ लिहिला; तो वाचून भारावलेल्या मित्रांनीं १९५९ मध्यें संघ स्थापन केला आणि कोस्टारिकांतील टॉर्टुगेरोचा किनारा राखण्याचें काम हातीं घेतलें. पुस्तकें लिहून कांहीं होत नाहीं, असें म्हणणाऱ्या आमच्या व्यवसायबंधूंसाठीं येवढी नोंद पुरे.

हीं सर्व उदाहरणें बाहेरून किनाऱ्यावर आलेल्या सुशिक्षितांचीं झालीं. दुसरी तऱ्हा केरळांत दिसते. कोझिकोडे जिल्ह्यांत पय्योळीजवळ कोळाविपालम् नांवाची कोळ्यांची वस्ती आहे. १९९२ सालीं तेथील कांहीं तरुणांनीं एका इंग्रजी दैनिकांत लेख वाचला आणि आपल्या दारीं येणारें, ज्याचीं अंडीं आपण लहानपणापासून खात आलों तें कासव जगांतून नाहींसें होऊं घातलें आहे, हें त्यांस प्रथम कळलें. त्यांनीं समिति स्थापिली, अंडीं राखण्यास आरंभ केला. त्यांस कोणीं पाठविलें नव्हतें. पण त्यांच्या कथेचा उत्तरार्ध कडू आहे. नदीच्या मुखाशीं वाळूचा उपसा वाढला, धूप झाली, किनारा आखडला आणि कासवें रोडावलीं. अंडीं राखणाऱ्यांस मग वाळूसाठीं भांडावें लागलें. कुंपण घालून घरटें राखतां येतें. किनाराच गेला तर कुंपण घालावें कोठें?

आतां वेळास. चिपळूणची सह्याद्रि निसर्ग मित्र ही संस्था पांढऱ्या पोटाच्या समुद्रगरुडाचा शोध घेत २००२ सालीं या किनाऱ्यावर आली असतां तिच्या कार्यकर्त्यांस वाळूवर अंड्यांचीं टरफलें आढळलीं. चौकशीअंतीं कळलें कीं, कासवें दरवर्षीं येतात आणि अंडीं दरवर्षीं नेलीं जातात. भाऊ काटदरे प्रभृति मंडळींपुढें दोन मार्ग होते. एक, वनखात्याकडे तक्रार करून अंडीं नेणारांस शिक्षा करविणें; कायदा त्यांच्या बाजूस होता. दुसरा, त्यांनाच सोबतीस घेणें. त्यांनीं दुसरा पत्करला, आणि पुढील वीस वर्षांचें यश आमच्या मतें या एका निवडींत आहे.

कारण चोराच्या वाटा चोरासच ठाऊक, ही म्हण येथें अक्षरशः खरी आहे. कासवी अंडीं घालून गेली म्हणजे वाळूवर दोन माग उरतात, एक येण्याचा आणि एक जाण्याचा. त्यांतील येण्याचा कोणता, मध्यें नुसतीच उकराउकर करून ती परतली कीं खरेंच घरटें केलें, आणि केलें तर चोपलेल्या वाळूखालीं नेमकें कोठें, हें ओळखणें प्राणिशास्त्राच्या पदवीधरास साधत नाहीं. ज्यानें बापाबरोबर जाऊन अंडीं काढलीं आहेत तो पायाच्या अंगठ्यानें सांगतो. भरती येण्यापूर्वीं, कोल्हा येण्यापूर्वीं तेथें पोंचलें पाहिजे, हेंही त्यास शिकवावें लागत नाहीं. शास्त्रानें त्याच्या विद्येंत भर घातली ती एवढीच कीं, अंडें घातल्यावर कांहीं तासांतच उचलावें, कारण पुढें आंतील गर्भ कवचास चिकटतो आणि मग तें उलटेंपालटें झालें तर मरतें. नवा खळगा मूळच्याच खोलीचा आणि त्याच आकाराचा असावा. आणि वाळू फार तापली तर सगळ्या माद्याच निपजतात, कारण या प्राण्यांत नर-मादी हें उबेवर ठरतें. घरटें पुरल्यावर त्यावर तारीख आणि अंड्यांची संख्या लिहिलेली पाटी लावतात. पिलें निघण्याचे दिवस भरत आले म्हणजे त्यावर टोपली पालथी घालतात, आणि ती सकाळीं व संध्याकाळीं उचलून पाहतात.

२००६ च्या सुमारास येथें कासव महोत्सव सुरू झाला. पिलें समुद्रांत जातांना पाहण्यास पुण्यामुंबईचे लोक येऊं लागले. गांवांतील घरांनीं त्यांस ओटी दिली, पान वाढलें आणि चार पैसे मिळविले. पुढें संस्थेनें आपला हात हळूहळू काढून घेतला. गांव आणि वनखात्याचा कांदळवन विभाग यांच्याकडे तें काम आलें, आणि वेळासची रीत कोकणच्या इतर किनाऱ्यांनींही उचलली.

यावर आमच्या वर्गांतील लोकांचा एक आक्षेप नेहमीं ऐकूं येतो. ज्यास मानधन मिळतें आणि ज्याच्या घरीं पाहुणे उतरतात तो स्वयंसेवक कसला? तो व्यवसाय झाला. हा आक्षेप आम्हीं स्वतः त्या गृहस्थांजवळ काढला होता, हें कबूल केलें पाहिजे. ते हंसून म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, तुम्ही पगार घेऊन शिकवतां ना? मग पोरांवर जीव नसतो काय तुमचा?" आम्हांस यावर उत्तर सुचलें नाहीं. पगारी मनुष्याची निःस्वार्थ सेवा आणि बिनपगारी मनुष्याचा धंदा, असा कांहींसा विपरीत हिशेब आपण मनांत बाळगतों, त्यांत आपल्या पोटाची सोय असते. शहरांतून दोन दिवस येऊन टोपलीशेजारीं उभा राहणारा पाहुणा स्वतःस स्वयंसेवक म्हणवितो. डिसेंबरच्या थंडींत चार महिने पहांटे तीनला उठणारास आपण 'स्थानिक मदतनीस' म्हणतों.

कसोटीही लवकरच लागली. २०२० च्या मार्चांत साथीमुळें पाहुण्यांची वाट बंद झाली, आणि ३ जूनला निसर्ग नांवाच्या वादळानें या भागांतील माडपोफळींच्या बागा आडव्या केल्या. पुढचा हंगाम पाहुण्यांवर भिस्त ठेवण्याजोगा नव्हता. तरी कोकणच्या किनाऱ्यावर घरट्यांची मोजदाद आणि राखण त्याही हंगामांत झाली.

महोत्सवावर आमचा आक्षेप आहे, पण तो निराळा. आम्ही होतों त्या दिवशीं एक मोठा घोळका आला होता. टोपली उचलली तेव्हां त्यांतील एका गृहस्थांनीं मुलास नीट दिसावें म्हणून पिलावर झगझगीत दिवा धरला. पिलूं उजेडाकडे वळतें, कारण समुद्राची वाट त्यास क्षितिजाच्या उजेडावरून समजते; तें भलतीकडेच चालूं लागलें. राखणदार तरुणानें हात जोडून दिवा विझविण्याची विनंती केली. गृहस्थ रागावले, आपण पैसे भरून आलों आहोंत, असें म्हणाले. कोंकणांत प्रत्येक गांवास एक अदृश्य राखणदार असतो आणि त्यास वर्षाकाठीं कोंबडा-नारळ पोंचवावा लागतो. या दृश्य राखणदारास मात्र आपण दटावतों. गर्दी किती घ्यावी हें ठरविण्याचा अधिकार ज्या दिवशीं सर्वस्वी गांवाकडे येईल, त्या दिवशीं आम्ही महोत्सवाची निर्भेळ स्तुति करूं.

कासव मात्र कोणत्याही एका गांवाचें नाहीं, हें आतां पुराव्यानें दिसूं लागलें आहे. २०२२ च्या जानेवारींत वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहास खूण देणारें यंत्र बसविण्यांत आलें. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील ही पहिलीच म्हणून तिचें नांव प्रथमा ठेविलें. याहून विलक्षण गोष्ट पुढें घडली. २०२१ सालीं ओडिशाच्या किनाऱ्यावर जिच्या वल्ह्यास धातूचा बिल्ला लावला होता, अशी एक मादी २०२५ च्या जानेवारींत गुहागरच्या वाळूवर अंडीं घालतांना आढळली. पूर्वेकडील आणि पश्चिमेकडील कासवें वेगळालीं, हा समज तेव्हांपासून डळमळला. श्रीलंकेला वळसा घालून ती आली असेल, तर वाटेंत किती जाळीं तिनें चुकविलीं असतील! गुहागरच्या ज्या पोरानें तो बिल्ला पाहिला त्याचा आणि ओडिशांतील ज्या हातांनीं तो लावला त्यांचा एकमेकांशीं परिचय नाहीं. बाटलींतील त्या पत्राची आम्हांस पुन्हा आठवण झाली.

त्या पहांटे आम्हीं पाहिलें तें एवढेंच. कुंपणांत ओळीनें टोपल्या पालथ्या घातल्या होत्या. राखणदारानें पहिली उचलली, आंत कांहीं नव्हतें. दुसरींतही नव्हतें. तिसरींत वाळू मध्यभागीं किंचित् खचली होती. तिच्याकडे तो बराच वेळ उकिडवा बसून पाहत राहिला. मग "आज नाहीं, उद्यां सकाळीं," असें म्हणून त्यानें टोपली जशी होती तशी पुन्हा पालथी घातली. आमची गाडी दुपारची होती. ती आम्हीं रद्द केली.