बोर्डीचे अंगण, इप्सिलांटीचा वर्ग

लहानपणी मुलाला कसे सांभाळले गेले, याचा ठसा पुढे किती टिकतो? या प्रश्नाचा मागोवा घेताना मला दोन गावे शेजारी ठेवून पाहावीशी वाटली: एक आपल्या समुद्रकाठचे बोर्डी, दुसरे अमेरिकेतील मिशिगन राज्यातले इप्सिलांटी.

ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणात मुरल्या होत्या. १९४५ साली त्यांनी बोर्डीत ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीच्या अंगणात गेली. माँटेसरीच्या महाग साधनांची जागा शिंपले, बिया, खडे आणि पाने यांनी घेतली.

१९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये गेले. धाकट्या भावंडाला सांभाळायला थोरली मुलगी घरी राहते, ही तिथली अडचण होती. म्हणून विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली गेली. मला हा निर्णय फार दूरदृष्टीचा वाटतो. पाळण्यातल्या मुलाची नीट सोय झाली की त्याच्या बहिणीचेही शिक्षण मार्गी लागते, हे त्यात ओळखले होते.

इप्सिलांटीत १९६२ साली डेव्हिड वायकार्ट यांनी गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतील मुलांसाठी पेरी बालशाळेचा प्रयोग सुरू केला. एकूण १२३ मुलांचे दोन गट पाडले. ५८ मुलांना बालशाळा मिळाली, ६५ मुलांना नाही. दर पाच-सहा मुलांमागे एक प्रशिक्षित शिक्षिका होती, आणि ती दर आठवड्याला मुलाच्या घरीही जाई. बालशाळेतील मुलांचा बुद्ध्यंक आधी वाढला. पण प्राथमिक शाळेत काही वर्षे गेल्यावर दोन्ही गटांतला फरक मावळला. प्रयोग फसला, असे तेव्हाच म्हणता आले असते. पण संशोधकांनी पाठपुरावा सोडला नाही. चाळिशीपर्यंत पाहिले, तर बालशाळेतील ७७ टक्के मुलांनी माध्यमिक शिक्षण पुरे केले होते, दुसऱ्या गटातील ६० टक्के. पाच किंवा अधिक वेळा अटक झालेल्यांचे प्रमाण ३६ विरुद्ध ५५ टक्के होते.

एका गावातला, थोड्या मुलांवरचा हा प्रयोग. त्यावरून सगळ्या जगाचा हिशेब मांडता येणार नाही. तरी एक गोष्ट मला पटते. चांगल्या संगोपनाचे फळ पाटीवरच्या अक्षरांत लगेच दिसेल असे नाही; ते चिकाटीत, माणसांवरच्या विश्वासात मुरते आणि उशिरा वर येते.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली. पण एकच सेविका पोषण, लसीकरण आणि नोंदवह्या सांभाळून तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिकवते. अंगण तर आपण गावोगाव नेले. त्या अंगणात प्रत्येक मुलाजवळ क्षणभर बसायला तिला सवड मात्र दिली नाही. बोर्डी आणि इप्सिलांटी या दोन्ही ठिकाणी मुलांच्या हाती पडली होती ती हीच सवड.