काच, विश्वास आणि नोंदवही : छायाचित्राच्या छोट्या धंद्याचा इतिहास



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते इतिहास शिकवीत. राजांच्या वंशावळी त्यांना मुखोद्गत होत्या. पण एखाद्या गावाचा इतिहास लिहायचा तर आधी त्या गावच्या दुकानदारांच्या वह्या पाहाव्यात, असे त्यांचे मत होते. त्यांच्या या मताचा आधार घेऊन मी आज एका छोट्या धंद्याचा विषय आपल्यापुढे मांडणार आहे. इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव, पणजी यांपैकी कोणत्याही शहरातील जुन्या मराठी घरात पाऊल टाकले की भिंतीवर ज्याची कामगिरी दिसते, तो छायाचित्रकाराचा धंदा. या धंद्यातील कलेविषयी पुष्कळ बोलले जाते. तो चालवावा कसा लागे, गिऱ्हाईक कसे मिळे आणि मिळालेले कसे टिके, याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही.

छायाचित्रणाची कला 1839 साली युरोपात जाहीर झाली. तेथून ती हिंदुस्थानात यायला फार काळ लागला नाही. 1854 साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि 1855 साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या सोसायटीतील एक प्रमुख एतद्देशीय छायाचित्रकार. हे घराणे मूळचे गोव्यातील मांद्रे गावचे. म्हणजे आपली माणसे या विद्येच्या पहिल्या पिढीतच तिच्याजवळ पोहोचली होती. परंतु विद्या येणे वेगळे आणि तिच्यावर संसार चालविणे वेगळे. डॉक्टरांची जीविका वैद्यकीवर चालू शके. ज्याला केवळ तसबिरी काढून पोट भरायचे, त्याच्यापुढचे प्रश्न निराळे होते.

ते प्रश्न समजण्यासाठी त्या काळच्या कृतीकडे थोडे पाहावे लागेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बराच काळ ओल्या काचेची पद्धत रूढ होती. काचेवर कलोडियनचा लेप द्यायचा, ती काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि लेप सुकण्यापूर्वी अंधाऱ्या खोलीत धुऊन काढायची. हे सारे काही मिनिटांच्या आत झाले पाहिजे. बाहेरगावी काम असेल तर काळोख करणारा तंबू, रसायनांच्या बाटल्या, काचांच्या पेट्या आणि पाणी सोबत न्यावे लागे. मध्य हिंदुस्थानातल्या वैशाखात हे करून पाहणाऱ्याला लेप किती लवकर सुकतो, हे वेगळे सांगायला नको. कागदावर अंड्याचा पांढरा बलक चढवून, तो चांदीच्या द्रावणाने संवेदनशील करून, काचेखाली उन्हात ठेवून प्रती छापत. ढग आले की छपाई थांबे. चांदी, काच आणि विलायती भिंग या तिन्ही गोष्टी महाग. गिऱ्हाईक येवो न येवो, भांडवल गुंतलेले राही.

मग नफा होता कोठे? तो पहिल्या प्रतीत नव्हे, तर दुसऱ्या, पाचव्या आणि विसाव्या प्रतीत होता. 1854 साली पॅरिसमध्ये दिस्देरी नावाच्या छायाचित्रकाराने भेटकार्डाच्या आकाराच्या छोट्या तसबिरीचे पेटंट घेतले. एकाच काचेवर अनेक प्रतिमा उमटवायच्या, कापायच्या आणि पुठ्ठ्यावर चिकटवून द्यायच्या. गिऱ्हाइकाला डझनभर तसबिरी नातलगांना वाटता येऊ लागल्या आणि धंद्याचे गणितच पालटले. मूळ काच छायाचित्रकाराच्या फडताळात जपून ठेवली जाई व केव्हाही त्याच काचेवरून नव्या प्रती काढून मिळत. त्या फडताळातील काचा हे त्याचे खरे भांडवल होते. पण हजार काचांतून नेमकी एक काच काढायची, तर काचेवर क्रमांक हवा आणि वहीत त्या क्रमांकापुढे नाव हवे. या धंद्यात नोंदवहीला देव्हाऱ्याइतके महत्त्व आले, ते येथून.

हे तत्त्व ज्याने पुरतेपणी ओळखले, तो माणूस आपल्या इंदुरात तयार झाला, ही अभिमानाची गोष्ट आहे. लाला दीनदयाळ यांचा जन्म 1844 साली मेरठजवळच्या सरधना येथे झाला. रुडकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकून 1866 साली ते इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे व अंदाजपत्रके करण्याच्या नोकरीत रुजू झाले. 1874 च्या सुमारास त्यांनी छायाचित्रण हाती घेतले. त्या वेळचे मध्य हिंदुस्थानचे एजंट सर हेन्री डेली यांनी त्यांना उत्तेजन दिले. महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) यांचाही आश्रय लाभला. 1875-76 साली प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानात आले, तेव्हाच्या तसबिरी काढण्याची संधी त्यांना मिळाली. 1882 च्या सुमारास सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर ते बुंदेलखंड व आसपासच्या प्रदेशात फिरले आणि 1886 साली मध्य हिंदुस्थानातील प्रसिद्ध वास्तूंविषयीचा ग्रंथ त्यांच्या छायाचित्रांसह निघाला.

येथे मला त्यांचे व्यवहारचातुर्य दाखवायचे आहे. जवळजवळ दहा वर्षे त्यांनी सरकारी नोकरी सांभाळून हे काम केले. पगार घर चालवीत होता आणि कॅमेरा ओळखी जोडीत होता. हातात गिऱ्हाइके व काचांचा साठा जमल्यावरच त्यांनी पूर्णवेळ धंद्यात उडी घेतली. 1886 च्या सुमारास सिकंदराबादेस त्यांचा स्टुडिओ सुरू झाला. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या दरबाराचे ते छायाचित्रकार झाले व निजामाने त्यांना 'राजा' हा किताब दिला. व्हाइसरॉयची नेमणूक आणि व्हिक्टोरिया राणीची सनद यांचाही त्यांना लाभ झाला. अशा सनदांचा उपयोग केवळ मिरवण्यापुरता नसे. त्या काळचे छायाचित्रकार तसबिरीच्या पुठ्ठ्यावर आपले नाव, पत्ता आणि मानसन्मान छापीत. तसबीर ज्या ज्या घरी जाई, तेथे जाहिरातही जाई, आणि तीही गिऱ्हाइकाच्याच पैशाने.

याहून महत्त्वाची वाटते ती 1892 सालची त्यांची एक योजना. पडदानशीन स्त्रिया परपुरुषासमोर तसबिरीला बसत नसत. म्हणून हैदराबादेस त्यांनी खास स्त्रियांसाठी निराळा स्टुडिओ उघडला आणि त्याची व्यवस्था एका इंग्रज बाईंकडे सोपविली. समाजाची रीत मोडून काढण्याची भाषा त्यांनी केली नाही आणि त्या रीतीमुळे गिऱ्हाईक नाही, अशी तक्रारही केली नाही. अडचण नेमकी कोठे आहे ते पाहून तेवढीच त्यांनी दूर केली. 1896 साली त्यांनी मुंबईत स्टुडिओ काढला. त्यांच्या देखाव्यांच्या छायाचित्रांवर कोपऱ्यात क्रमांक व नाव आढळते. त्या क्रमांकामुळे दूरचा गिऱ्हाईकही पत्राने मागणी करू शके.

आता दुसरे उदाहरण घेऊ. ते आपल्या अधिक जिव्हाळ्याचे आणि अधिक कडू आहे. धुंडिराज गोविंद फाळके 1870 साली त्र्यंबकेश्वरी जन्मले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून ते बडोद्यास आले. तेथे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी 1890 साली कलाभवन स्थापन केले होते व प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर त्याचे प्रमुख होते. गज्जरांनी या विद्यार्थ्याची धडपड पाहून संस्थेची चित्रशाळा व प्रयोगशाळा त्याला वापरू दिली. 1895 च्या सुमारास फाळक्यांनी गोध्र्यास छायाचित्रकार म्हणून दुकान थाटले. विद्या उत्तम होती, हात तयार होता. परंतु प्लेगच्या साथीत पत्नी व मूल गेले आणि त्यांनी गोध्रा सोडले. पुन्हा बडोद्यास येऊन धंदा मांडला, तर कॅमेरा माणसाच्या अंगातील शक्ती शोषून घेतो व त्याने आयुष्य घटते, अशी समजूत लोकांत होती. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढेना. शेवटी दुकान बंद करून त्यांना नाटक कंपन्यांचे पडदे रंगवावे लागले. पुढे पुराणवस्तू खात्यात नोकरी, मग लोणावळ्यास छापखाना, असा त्यांचा प्रवास झाला.

दीनदयाळ यशस्वी आणि फाळके अपयशी, असा सोपा निकाल देण्यास माझे मन घेत नाही. एकाच्या पाठीशी बांधकाम खात्याचा पगार, दरबार आणि रेसिडेन्सी होती. दुसऱ्याच्या वाट्याला लहान गाव, रोगाची साथ आणि भ्यालेले गिऱ्हाईक आले. पण या दोन कहाण्यांतून एक गोष्ट स्पष्ट होते. छायाचित्राच्या धंद्यात माणूस अनोळखी यंत्रासमोर आपला चेहरा ठेवतो. त्याचा विश्वास बसला नाही, तर उत्तम भिंगही निरुपयोगी ठरते. दीनदयाळांना तो विश्वास दरबारी ओळखींतून आणि स्त्रियांच्या वेगळ्या व्यवस्थेतून मिळविता आला. फाळक्यांना बडोद्यात तो मिळाला नाही; परंतु त्यांनी तो धडा वाया जाऊ दिला नाही. 1912 साली चित्रपटासाठी भांडवल उभे करायचे होते, तेव्हा त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचा अंकुर रोज थोडा थोडा टिपून त्याची वाढ पडद्यावर दाखविली. ती पाहून यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देव्हारे यांनी त्यांना कर्ज देऊ केले. 3 मे 1913 रोजी 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. शब्दांनी न पटणारी गोष्ट डोळ्यांना दाखवून पटवायची, ही विद्या दुकान बुडालेल्या त्या छायाचित्रकाराजवळ होती.

राजाश्रयाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मोठा आश्रयदाता म्हणजे मोठी मिळकत. पण एकाच खांबावर उभे घर ते. 1904 साली दीनदयाळांचे पुत्र धर्मचंद वारले, 5 जुलै 1905 रोजी ते स्वतः मुंबईत निवर्तले आणि 1911 साली निजाम महबूब अली खान यांचा अंत झाला. ज्ञानचंद या पुत्राने काम पुढे चालविले, तरी पूर्वीचे वैभव उरले नाही.

त्यानंतर हा धंदा खऱ्या अर्थाने लहान झाला आणि लहान झाला म्हणूनच आपल्या गल्लीपर्यंत आला. विसाव्या शतकातील गावोगावचे स्टुडिओ कोणत्याही दरबारावर जगले नाहीत. लग्नसराई, मुंज, वाढदिवस, पासपोर्ट आणि शाळेचे समूहचित्र या पाच-सात प्रसंगांवर ते उभे होते. वर्षातले चार-पाच महिने मिळकतीचे, बाकीचे उधारी वसूल करण्याचे. जाहिरात म्हणजे दुकानाच्या दर्शनी काचेआड लावलेली शेजारपाजारच्या वधूवरांची तसबीर. तेथे आपली तसबीर लागावी, अशी कित्येकांची इच्छा असे. शाळेचे काम फार नफ्याचे नसे. परंतु एका दिवसात पन्नास घरांशी ओळख होई आणि आज बाकावर बसलेला मुलगा पंधरा वर्षांनी लग्नाचे काम घेऊन येई. 1993 पासून मतदारांना छायाचित्र असलेली ओळखपत्रे देण्याचे ठरले, तेव्हा ज्यांनी जन्मात कधी तसबीर काढली नव्हती, तेही कॅमेऱ्यासमोर बसले. पुढे अंकात्मक कॅमेरा आला, मग तो दूरध्वनीतच शिरला. 2012 च्या जानेवारीत कोडॅकसारख्या बलाढ्य कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला, तेथे आपल्या चौकातल्या स्टुडिओची काय कथा!

धंदे येतात आणि जातात. त्याचे दुःख मी करीत नाही. मला काळजी वाटते ती फडताळांची. 1989 साली दीनदयाळांच्या 2,857 काचेच्या निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या, म्हणून त्या वाचल्या. त्याच सुमारास, 1991 साली, कलकत्त्याच्या बोर्न अँड शेफर्ड या नामांकित स्टुडिओला आग लागून मोठा संग्रह नष्ट झाला. पुढे 2016 साली तो स्टुडिओच बंद पडला. ही मोठ्यांची गोष्ट. आपल्या शहरांतील छोट्या स्टुडिओंच्या निगेटिव्ह आणि नोंदवह्या दुकान विकताना रद्दीत गेल्या, त्यांची मोजदाद कोणी केली नाही.

महाराष्ट्राबाहेर वसलेल्या आपल्यासारख्या समाजाला हे नुकसान अधिक जाणवते. येथील मराठी माणसे कोण होती, काय नेसत होती, मुलींना शाळेत केव्हा पाठवू लागली, कोणत्या वर्गात किती मुली बसल्या, याचा पुरावा पुष्कळदा या समूहचित्रांतच आहे. माझ्या संग्रही अशी काही चित्रे आहेत. त्यांतल्या चेहऱ्यांकडे पाहताना मला फार वेळा हात टेकावे लागतात. कारण पाठीमागे नाव नाही, साल नाही, छायाचित्रकाराचा शिक्काही पुसलेला. चेहरा स्वच्छ आहे आणि माणूस हरवला आहे.

म्हणून या सभेतील माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. आपल्या घरातील जुन्या तसबिरी काढा. घरातल्या सर्वांत वयस्क व्यक्तीजवळ बसा आणि प्रत्येकाचे नाव, नाते, गाव आणि वर्ष विचारून घ्या. मऊ शिसपेन्सिलीने, दाब न देता, मागच्या बाजूला ते लिहा. शाई वापरू नका, ती पुढे उमटते. छायाचित्रकाराचा शिक्का असेल तर तो जपा. परिचयातील एखादा स्टुडिओ बंद होत असेल तर त्याच्या मालकाकडे निदान नोंदवही तरी मागा. शाळेने एक कपाट आणि एक वही एवढी सोय केली, तर या कामाची सुरुवात पुढल्या स्मृतिदिनापूर्वी होऊ शकेल. ज्यांना नावे आठवतात, ती माणसे दरवर्षी थोडी कमी होत आहेत.