बाबिलोनचीं देवालयें व जीर्णोद्धाराचा धर्म

प्राचीन राष्ट्रांच्या वैभवाचा विचार मनांत आला म्हणजे त्यांच्या इमारतींचीं चित्रें प्रथम डोळ्यांपुढें उभीं राहतात. मिसर देशांतील पिरॅमिड, ग्रीसमधील संगमरवरी देवालयें, आपल्याकडील वेरूळचें कैलास लेणें, हीं सारीं दगडाचीं कामें. दगड टिकला म्हणून त्या त्या राष्ट्रांची कीर्ति टिकली, अशी आपली सामान्य समजूत असते. या समजुतीस धक्का देणारें एक राष्ट्र प्राचीन जगांत होऊन गेलें. बाबिलोनच्या लोकांना दगड जवळजवळ मिळालाच नाहीं. त्यांनीं मातीच्या विटांचीं पर्वतप्राय देवालयें उभारलीं. तीं खचलीं, त्यांनीं तीं पुनः उभारलीं. आणि हा क्रम त्यांनीं व त्यांच्या पूर्वसूरींनीं दोन हजार वर्षें चालविला. इमारतीचें आयुष्य तिच्या द्रव्यांत असतें कीं तिची निगा राखणाऱ्या माणसांत असतें, या प्रश्नाचा विचार करावयाचा तर बाबिलोनसारखें दुसरें उदाहरण नाहीं. आणि जीर्णोद्धाराच्या नांवाखालीं आज कोंकणांत जें चाललें आहे तें पाहतां हा प्रश्न केवळ पुराणवस्तुसंशोधकांचा राहिलेला नाहीं.

बाबिलोनचा विषय रत्नागिरीच्या वाचकांस अगदींच परका वाटूं नये. याच गांवीं १८५६ सालीं जन्मलेल्या लोकमान्य टिळकांचा खाल्डियन व भारतीय वेदांवरील निबंध १९१७ सालीं डॉ. भांडारकरांच्या गौरवग्रंथांत प्रसिद्ध झाला. अथर्ववेदांतील कांहीं दुर्बोध शब्दांचा संबंध त्यांनीं त्यांत खाल्डियन शब्दांशीं लावून दाखविला आहे. त्यांचीं सर्व अनुमानें आज कोणी स्वीकारो वा न स्वीकारो, त्या दूरच्या नदीकांठाकडे आपलेपणानें पाहण्याची दृष्टि त्यांनीं आपणांस दिली, यांत संशय नाहीं. शिवाय बाबिलोनच्या भग्नावशेषांचें पद्धतशीर वर्णन ज्यानें १८१५ च्या सुमारास प्रथम प्रसिद्ध केलें तो क्लॉडियस रिच हा ईस्ट इंडिया कंपनीचा बगदाद येथील वकील असून मुंबई सरकारच्या हाताखालीं होता. आणि कीलाकृति लिपीच्या वाचनांत ज्याचें नांव अग्रभागीं आहे तो रॉलिन्सन १८२७ सालीं मुंबईच्या लष्करांतच नोकरीस लागला होता.

प्रथम त्या भूमीकडे वळूं. तैग्रीस व युफ्रेटीस या दोन नद्यांनीं वाहून आणलेल्या गाळाचा तो सपाट प्रदेश. खणावें तिकडे चिकणमाती. दलदलींत माणसाच्या दुप्पट उंचीचे बोरू. खजुरीवांचून मोठा वृक्ष नाहीं. चांगलें लांकूड व दगड दोन्ही परमुलखांतून आणावे लागत. कोंकणी माणसाला या अवस्थेची कल्पना करणें कठीण आहे. आपल्या पायांखालीं जांभ्याचा कातळ पसरलेला आहे. खाणींत तो मऊ असतो, वाटेल त्या मापाचा चिरा सहज निघतो, आणि वारा लागला कीं तो उत्तरोत्तर कठीण होत जातो. निसर्गानें आपणांस तयार विटाच दिल्या आहेत म्हटलें तरी चालेल. बाबिलोनच्या लोकांना आपली वीट आपणच घडवावी लागली. साधी वीट उन्हांत वाळवावयाची. महत्त्वाच्या जागीं भाजलेली वापरावयाची. पण भट्टीला जळण हवें, आणि जळणाचाच त्या देशांत दुष्काळ. म्हणून पक्की वीट ही राजवैभवाची वस्तु ठरली. गाभा कच्च्या विटांचा आणि वरून पक्क्या विटांचें कवच, ही त्यांच्या सर्व मोठ्या बांधकामांची रीति याच अडचणींतून निघाली.

या रीतीचा सर्वांत चांगला नमुना ऊर या नगरांत अद्याप उभा आहे. इ. स. पू. २१०० च्या सुमारास ऊर-नम्मू राजानें चंद्रदेवतेसाठीं बांधलेला हा पायऱ्यापायऱ्यांचा मनोरा तळाशीं सुमारें २०० फूट लांब व १४० फूट रुंद आहे. अशा मनोऱ्यास झिगुरात म्हणतात. त्याचें बाहेरचें कवच सुमारें ८ फूट जाडीचें असून त्यांतील विटा चुन्यांत बसविलेल्या नाहींत, डांबरांत बसविलेल्या आहेत. हें डांबर युफ्रेटीसच्या कांठीं हीत या गांवीं जमिनींतून आपोआप वर येतें. विटांच्या थरांमध्यें ठराविक अंतरानें बोरूच्या चटया अंथरलेल्या आहेत. सबंध गाभा एकजीव राहावा व भार सारखा वांटला जावा, हा त्यांतील हेतु. कवचाच्या भिंतींत जागोजाग अरुंद भोंकें ठेविलेलीं आढळतात; आंत मुरलेला ओलावा तेथून बाहेर पडावा अशी ही योजना असावी. ज्या गवंड्यांनीं ही योजना केली त्यांना आपला खरा शत्रु कोण हें पक्कें ठाऊक होतें.

बाबिलोन नगरांतील एतेमेनांकी नांवाचा मनोरा याहून कितीतरी मोठा. पृथ्वी व स्वर्ग यांचा पाया असलेलें घर, असा त्या नांवाचा अर्थ. त्याचा तळ चौरस असून प्रत्येक बाजू सुमारें ३०० फूट भरते. पैकीं कच्च्या विटांचा गाभा २०० फूट आणि भोंवतालचें पक्क्या विटांचें कवच प्रत्येक बाजूस ५० फूट. जितका तळ तितकीच उंची, असें एका प्राचीन मृत्तिकालेखांत सांगितलें आहे. या मनोऱ्याचें पुनरुज्जीवन नबोपोलस्सर राजानें आरंभिलें व त्याचा मुलगा नेबुकद्नेझर (इ. स. पू. ६०५–५६२) यानें पुरें केलें. आपण स्वतः मान लववून माती व विटा डोक्यावर वाहिल्या, आणि युवराजासही मजुरांबरोबर माती वाहावयास लावली, असें नबोपोलस्सरनें आपल्या पायाभरणीच्या लेखांत नमूद केलें आहे. नेबुकद्नेझरच्या इश्तार दरवाजाच्या निळ्या झिलईच्या विटा आणि त्यांवरील बैल व सर्पमुखी प्राणी यांचें वर्णन पुष्कळांनीं वाचलें असेल. जर्मन संशोधकांनीं तुकडे जुळवून उभा केलेला त्याचा दर्शनी भाग १९३० पासून बर्लिनच्या संग्रहालयांत आहे. टांगत्या बागांच्या कथेंत आम्ही शिरत नाहीं. त्यांचा निर्विवाद मागमूस बाबिलोनमध्यें लागलेला नाहीं.

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. वर्षाकाठीं जेमतेम १०० ते १५० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या देशांत पावसाची भीति ती कसली, असें तीन हजारांहून अधिक मिलिमीटर पाऊस अंगावर घेणाऱ्या रत्नागिरीकरास वाटेल. परंतु कच्च्या विटेला तेवढाही पुरे होतो. बोर्सिप्पा येथील मनोऱ्याच्या कोपऱ्यांत १८५४ सालीं रॉलिन्सनला नेबुकद्नेझरचे मातीचे लेखस्तंभ सांपडले. त्यांत राजा सांगतो कीं, पूर्वींच्या एका राजानें हा मनोरा बांधला, पण शिखर पुरें केलें नाहीं. पाणी वाहून जाण्याच्या वाटांची निगा कोणी राखली नाहीं. त्यामुळें पावसानें व वादळानें वीटकाम वाहून नेलें, कवच उललें आणि गाभ्याचा ढिगारा झाला. शत्रूचें नांव नाहीं, भूकंपाचें नांव नाहीं. पन्हळी तुंबल्या आणि मनोरा गेला! वैशाखांत घर शाकारणाऱ्या, एक नळा सरकला तर वाशाला वाळवी लागते हें जाणणाऱ्या कोंकणी गृहस्थाला हा अडीच हजार वर्षांपूर्वींचा लेख आपल्या शेजाऱ्यानें लिहिल्यासारखा वाटेल.

जीर्णोद्धाराचा हा धर्म किती सूक्ष्मपणें पाळला जाई तें नबोनिदस (इ. स. पू. ५५६–५३९) या शेवटच्या बाबिलोनी राजाच्या लेखांवरून कळतें. सिप्पर येथील सूर्यमंदिर नेबुकद्नेझरनें नव्यानें बांधलें होतें. परंतु जुना पाया शोधूनही सांपडला नाहीं, तेव्हां त्यानें तसेंच काम उरकलें. आणि पंचेचाळीस वर्षें होतात न होतात तोंच भिंती खचल्या. नबोनिदसनें या अपयशाचें कारण हेंच मानलें कीं, देवाचें घर मूळ जागेवर नाहीं. त्यानें अठरा हात खोल खणविलें, तेव्हां नराम-सिन या प्राचीन राजाचा पायांतील लेख हातीं आला. हा राजा आपल्यापूर्वीं ३२०० वर्षें होऊन गेला असें नबोनिदसचें गणित. प्रत्यक्षांत तें अंतर सुमारें १७०० वर्षांचें आहे. कालगणना चुकली, पण वृत्ति चुकली नाहीं. त्या जुन्या पायावर, बोटभर पुढें नाहीं आणि बोटभर मागें नाहीं, असा नवा पाया त्यानें घातला. नराम-सिनच्या लेखाला तेल लावून, नैवेद्य दाखवून, आपल्या लेखाशेजारीं तो पुनः मूळ जागीं ठेवला. आपल्याकडे वास्तुशांतीच्या वेळीं घराच्या कोपऱ्यांत वास्तुपुरुषाची प्रतिमा पुरतात, तिच्यामागें घराला आधार देणाऱ्या अदृश्य शक्तीची भावना असते. बाबिलोनच्या राजांनीं त्या जागीं देवाइतकेंच आपल्या पूर्वींच्या बांधणाऱ्यालाही स्थान दिलें. पुढें येणाऱ्या राजानेंही आपला लेख सांपडल्यास असाच सन्मानानें परत ठेवावा, अशी प्रार्थना त्यांच्या लेखांच्या शेवटीं वारंवार येते. आपली इमारत पडणार हें ज्याला मान्य आहे तोच अशी प्रार्थना करूं शकतो.

राज्य गेलें तरी ही परंपरा लगेच गेली नाहीं. इ. स. पू. २६८ मध्यें अंतिओकस या ग्रीक वंशाच्या राजानें बोर्सिप्पाच्या मंदिराचा पाया घातला, आणि पहिल्या विटा आपण स्वतःच्या हातांनीं घडविल्या, असें बाबिलोनी भाषेंत नमूद करून ठेवलें. त्याआधीं अलेक्झांडरनें एतेमेनांकी पुनः बांधण्याचा संकल्प केला होता. नुसता राडारोडा उपसावयासच दहा हजार माणसांना दोन महिने लागले असते, असें स्ट्रेबो लिहितो. ढिगारा हलविण्याचें काम झालें, परंतु इ. स. पू. ३२३ मध्यें अलेक्झांडर वारला आणि बांधणी राहिली ती राहिलीच. पुढें भक्त गेले, पुरोहित गेले, इसवी सनाच्या पहिल्या शतकानंतर ती लिपि लिहिणारेंही कोणी उरलें नाहीं. निगा राखणारे हात थांबले आणि वीट पुनः माती झाली. जी पक्की वीट उरली तिच्यावर शेजारचें हिल्ला गांव उभें राहिलें. कोल्डेवाय या जर्मन संशोधकानें १८९९ ते १९१७ पर्यंत तेथें उत्खनन केलें. स्वर्गाला भिडणारा म्हणून गाजलेल्या त्या मनोऱ्याच्या जागीं कवचाच्या विटा उपसून नेल्यामुळें पडलेला पाण्यानें भरलेला चौकोनी चर आणि मधोमध गाभ्याचा उंचवटा, एवढेंच त्याला पाहावयास मिळालें.

यावर कोणी म्हणेल कीं, या राजांना धर्मापेक्षां आपल्या नांवाचाच लोभ अधिक होता. नेबुकद्नेझरनें आपलें नांव लक्षावधि विटांवर उठविलें तें कशासाठीं? हा आक्षेप खोटा नाहीं. विसाव्या शतकाच्या नवव्या दशकांत सद्दाम हुसेन यानें नेबुकद्नेझरच्या राजवाड्याच्या जुन्या भिंतींवर नव्या भिंती चढविल्या आणि त्यांतील विटांवर स्वतःचें नांव घातलें, तेव्हां त्या लोभाचें विडंबन पुरें झालें. खालचे अवशेष नव्या कामाखालीं गाडले गेले. बाबिलोनला २०१९ सालीं जागतिक वारशाचा मान मिळाला, पण हें नवें बांधकाम संशोधकांच्या डोळ्यांत अद्याप सलतें. तेव्हां दुरुस्ती दुरुस्तींतही भेद आहे. नबोनिदसनें आपलें नांव घातलें, पण पूर्वींच्याचें नांव शोधून काढून त्याच्या शेजारीं घातलें. सद्दामनें पूर्वींच्याच्या डोक्यावर आपलें नांव ठेवलें. एकानें परंपरेचा धागा पुढें नेला, दुसऱ्यानें त्याची गांठ आपल्याच नांवाशीं मारली.

आपल्या कोंकणांत या दोहोंपैकीं कोणता मार्ग चालूं आहे? आपल्या पूर्वजांना निगेचें महत्त्व कळत नव्हतें असें नाहीं. अठराव्या शतकाच्या आरंभीं रामचंद्रपंत अमात्यांनीं आज्ञापत्रांत दुर्गांविषयीं लिहितांना तटावर वाढणारीं झाडें वरचेवर काढावीं, गवत जाळून तट स्वच्छ ठेवावा, असे बारीक नियम घालून दिले. जांभ्याच्या तटाला तोफेपेक्षां पिंपळाचें मूळ अधिक घातक, हें त्या मुत्सद्द्यास ठाऊक होतें. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग हे किल्ले जुलै २०२५ मध्यें जागतिक वारशांत गणले गेले, ही आनंदाची गोष्ट. पण मानपत्रानें तटावरचें झाड निघत नाहीं, तें कोयत्यानेंच काढावें लागतें.

देवळांची गोष्ट याहून नाजूक आहे. जुनें देवालय सुधारण्याचें पुण्य नवें बांधण्याहून अधिक, असें आपल्याकडे परंपरेनें मानिलें आहे. आज मात्र गांवोगांव जीर्णोद्धार या शब्दाचा अर्थच पालटूं लागला आहे. जांभ्याचें जोतें, कोरीव लांकडी खांबांचा सभामंडप आणि उतरतें कौलारू छप्पर पाडून त्या जागीं सिमेंटचा सपाट मंडप उभा करावयाचा, भिंतींना चकचकीत फरशा लावावयाच्या आणि देणगीदारांच्या नांवांची संगमरवरी पाटी दर्शनी भागीं बसवावयाची, याला आतां जीर्णोद्धार म्हणतात. गांवकऱ्यांची भक्ति खरी असते, पदरमोडही खरी असते. आणि पावसांत गळणारें देऊळ कोणाला आवडेल? परंतु ज्या सुतारानें ते खांब कोरले, ज्या गवंड्यानें तो चिरा बसविला, त्यांचा शब्दही जेथें शिल्लक राहत नाहीं तेथें उद्धार कोणाचा झाला? सपाट मंडपालाही पाऊस सोडीत नाहीं. आणि त्याची दुरुस्ती करावयाची ती पुनः पाडूनच, ही शिकवण आपण पुढच्या पिढीस देऊन बसलों आहोंत.

आमचें म्हणणें एवढेंच आहे. ज्या लोकांपाशीं मातीवांचून कांहीं नव्हतें त्यांनीं आपलीं देवालयें दोन हजार वर्षें जतन केलीं, कारण दर पिढीला तीं पुनः हातीं घेण्याची लाज वाटली नाहीं आणि आधींच्या पिढीचा पाया शोधण्याचा कंटाळा आला नाहीं. आपल्यापाशीं तर जांभा आहे. सभामंडपाचा एखादा खांब कुजला असेल तर तेवढा बदलावा, कौलें दरवर्षीं चाळावीं, पन्हळी मोकळ्या ठेवाव्या, आणि नवी पाटी लावावयाचीच असेल तर जुन्या बांधणाऱ्यांच्या खुणेशेजारीं लावावी. नबोनिदसनें जुना पाया मिळावा म्हणून अठरा हात खोल खणलें. आपला पाया तर अजून डोळ्यांसमोर आहे. तो उखडून टाकण्यापूर्वीं गांवच्या पंचांनीं क्षणभर थांबून विचार करावा, इतकीच विनंति आहे.