औषध कधी सुरू करावे?

सायखेड्याच्या वर्गात एखादा विद्यार्थी विचारील : एचआयव्हीवर औषधे घेणाऱ्याकडून जोडीदाराला लागण होते का? हे उत्तर शोधण्यात पुण्याचाही वाटा आहे. तेथे १९९२ साली स्थापन झालेली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांवरील चाचणीत सहभागी होती. प्रत्येक जोडप्यात एकच जण बाधित होता. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले : एकाला औषधे लगेच, दुसऱ्याला प्रतिकारशक्ती घटल्यावर. २०११ साली हिशेब मांडला, तेव्हा जोडीदाराकडूनच झालेल्या २८ लागणींपैकी २७ दुसऱ्या गटात आढळल्या. त्या गटालाही मग औषधे देऊ केली. आज आपण जाणतो, की नियमित औषधांनी रक्तातील विषाणू तपासणीत सापडेनासे झाले, तर शरीरसंबंधातून लागण होत नाही. मुलांना आकड्यांबरोबर हेही सांगावे : उत्तर कळल्यावर कोणाला औषधावाचून ठेवणे शास्त्रात बसत नाही.